खिडकीतला पेला

रानात कापूस फुटला की माझी कोपरं उलायला लागतात. लहानपणापासून यात एकदाही खंड पडलेला नाही. दसरा होतो, पुसदच्या आमच्या गल्लीत सकाळचं वारं अंगाला कोरडं लागायला लागतं, रस्त्याकडेच्या बाभळींना गाडीतून उडालेले कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात आणि माझ्या कोपराच्या आतल्या घडीत ती जुनी चुणचुण सुरू होते. बाकी बायका या दिवसांत दिवाळीच्या फराळाचं बघतात, मी मलमाची डबी कुठं ठेवली ते बघते.

यंदा त्यात आईची भर पडली. ती बोरी अरबच्या पुढे आमच्या गावी माझ्या भावाकडे असते. वेचणी सुरू झाली की भावाच्या घरात बसायला जागा उरत नाही, म्हणून ती महिनाभर माझ्याकडे येते. आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीला टेकून, एक स्टीलचा पेला उपडा घातलेला दिसला. मी तो उचलून मांडणीत ठेवला. संध्याकाळी तो परत खिडकीत. परत मांडणीत ठेवला. सकाळी परत खिडकीत.

"माय, हा पेला इथं कोण ठेवून राह्यलं?" मी विचारलं.

"राहू दे ना वं. माहा हाय तो," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

मी पदर बाजूला केला. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, कातडीच्या बारीक भेगा, अंगठ्याजवळ खाजवून खाजवून सोललेली जागा. ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तिला इसब झालं होतं, भांडी घासून घासून हातांना होतं तसलं. आणि ते मला किंवा माझ्या लेकीला लागू नये म्हणून माझी आई माझ्या घरात स्वतःचा पेला वेगळा ठेवत होती.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून बाहेर येऊन बसले. बोलले असते तर पंचवीस वर्षांचं एकदम बोलले असते. म्हणून ते इथं लिहिते आहे.

इसब काय असतं हे मला माहीत आहे, पण माझं इसब जगाला माझ्याहून जास्त माहीत आहे. उमरखेडच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं नुसत्या नजरेनं निदान केलं होतं की माझं रक्त खराब आहे. आमच्या शाळेतले शिपाईदादा म्हणाले, मॅडम, वांगं सोडा. मी वांगं सोडलं. मग कुणी अंडं सोडायला सांगितलं, कुणी शेंगदाणे. एका वर्षी चहा सोडला. त्या वर्षी इसब तर गेलं नाहीच, वर चाळीस पोरांच्या वर्गात माझा स्वभाव गेला. करंजाचं तेल, कडुलिंबाचा पाला, तुरटी, गंधक, सगळं झालं. एका गृहस्थांनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावायला सांगितलं आणि मला हसू आलं तर ते रागावले. लोक याला गजकर्ण म्हणतात, नायटा म्हणतात, खरूज म्हणतात, अंगातली उष्णता म्हणतात. वेगवेगळे रोग आहेत हे, औषधं वेगळी आहेत, पण ऐकतो कोण? आणि सल्ला देऊन झाला की तोच माणूस हळूच अंग चोरतो. मांडीवरची पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतो. ते पिशवी ओढून घेणं मला सल्ल्यापेक्षा जास्त लागतं.

मी दहावीला होते तो हिवाळा. कापसाची ती पडती वर्षं होती. पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, कधी अळी, कधी पाण्याची ओढ, आणि दोन्हींतून वाचलं तर भाव नाही. त्या वर्षी मात्र आमच्या चार एकरांत कापूस असा फुटला होता की शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहिलं तर डोळे दिपत. पहिल्या वेचणीच्या दिवशी गावातल्या बाया शेतात सीतादही करत, दहीभात वाहून मग वेचायला लागत. आमच्या आजोबांनी, आबांनी, दीक्षा घेतल्यापासून हे सगळं घरातून काढून टाकलं होतं. पण त्या दिवशी डब्यात दहीभात मात्र यायचाच. "पूजा सोडली, दही कायले सोडा?" असं आबा म्हणत आणि सगळ्यांत आधी तेच पानाला बसत.

मला वेचायला आवडायचं. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा, ओटी फुगली की पोट सांभाळत चालायचं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचत, सगळ्यांनाच टोचत. फरक एवढाच की आईच्या बोटाचा ओरखडा दोन दिवसांत जाई आणि माझा पंधरा दिवस पाझरत राही. कोपराच्या घडीत घाम, त्यात धूळ, त्यावर शाळेच्या गणवेशाचं ते टेरिकॉटचं कापड. मी बाहीवरूनच खाजवायची. बाहीला पिवळट डाग पडत आणि आई ते धुताना तोंड फिरवून घेई.

कापूस वेचून झाला आणि सरकारी खरेदी केंद्र काही उघडेना. आज उघडणार, सोमवारी उघडणार, पुढच्या बाजाराला उघडणार. बाबा रोज चौकात जाऊन तीच बातमी घेऊन येत. कापूस ठेवायचा कुठं? सगळ्यांनी ठेवला तिथंच आम्ही ठेवला, घरात. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीतून पेटी, खाट, माझी पुस्तकं बाहेर निघाली आणि कापूस आत गेला. आधी कमरेएवढा, मग खांद्याएवढा, मग वरच्या टिनाला टेकला. पहिल्या दिवशी मी आणि माझ्या भावानं, विजूनं, त्यावर उड्या मारल्या. बाबा ओरडले नाहीत, उलट दारात उभे राहून बघत होते. घर भरलेलं असण्याचा तो एक दिवस मला आठवतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच माणसं बाहेरच्या खोलीत, चुलीसकट.

आठवडाभरात सगळं घर खाजवायला लागलं. बाबा जेवताना डाव्या हातानं मान खाजवत. विजू भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासे, आमची म्हैस झाडाला घासायची तशी. आईच्या पोटावर बारीक लाल पुळ्या आल्या. आबा काठीनं पाठ खाजवत आणि खोकत, कारण त्यांना दमा होता आणि कापसाच्या धुळीनं तो उठला होता. दुसऱ्या घरांतही हेच चाललं होतं, ज्यांच्या घरात कापूस त्यांच्या घरात खाज. हे इतकं उघड होतं की आज मला कपाळाला हात लावावासा वाटतो. पण कापसानं खाज सुटते असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. कापूस म्हणजे वर्षाचं पीक, विजूची शाळा, माझी परीक्षा, त्याला बोल कसा लावणार? बोल लावायला घरात दुसरं कुणीतरी हवं होतं. आणि मी होतेच.

शेजारच्या यमुनाकाकू एका दुपारी आल्या, चुलीपाशी बसल्या, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि माझ्यावर येऊन थांबल्या.

"पोट्टीच्या आंगावर तं लहानपणापासून हाय ना हे?" त्यांनी आईला विचारलं.

"हाय ना. थंडीत वाढते."

"मंग कोठून आलं म्हून काय इचारतं बाई? तिचंच लागलं साऱ्यायले. भांडे वेगळे कर तिचे."

त्यांच्या स्वतःच्या घरात कापूस होता, त्या स्वतः बोलता बोलता दंड खाजवत होत्या. माझ्या अंगावर हे चौदा वर्षं होतं आणि चौदा वर्षांत ते एकालाही लागलं नव्हतं. एवढा साधा हिशेब त्या चुलीपाशी बसलेल्या एकाही मोठ्या माणसाला सुचला नाही. मलाही सुचला नाही, हे खरं. मला वाटलं, असेल बाबा, माझंच लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी माझी ताटली, माझा टॉवेल आणि माझी सतरंजी वेगळी झाली. पाणी प्यायला एक जर्मनचा पेला मिळाला, कडेला चेपलेला. तो चुलीमागच्या कोनाड्यात एकटा राहायचा. मी माझा पेला घेऊन माठापाशी उभी राहायची आणि आई वरून पाणी ओतायची, पेल्याला तांब्या लागू न देता. तेलसुद्धा ती कापसाच्या बोळ्यानं लावायची. कापसाला काय तोटा होता? आतल्या खोलीच्या दाराशी हात घालायचा, चिमूटभर ओढायचा, तेलात बुडवून माझ्या कोपराला टेकवायचा आणि बोळा चुलीत टाकायचा. तिचं बोट माझ्या कातडीला लागत नसे. ती वाईट नव्हती. ती रोज न चुकता तेल लावायची, जास्तीची भाकरी माझ्याच ताटलीत टाकायची. फक्त वरून टाकायची.

आता आबांचं सांगायला हवं. आमच्या विहारात दरवर्षी आबांना एक गोष्ट सांगायला लावत. त्यांच्या तरुणपणी बाजारातल्या एका चहाच्या दुकानामागं खिळ्याला दोन कप टांगलेले असत, एकाचा कान तुटलेला. आमच्या माणसांनी चहा त्यातच प्यायचा, पिऊन आपणच धुवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. आबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्याच आठवड्यात त्या दुकानात गेले, खिळ्यावरचा कप काढला, दगडावर आपटला आणि पुढच्या फळीवरच्या कपात चहा मागितला. चहा मिळाला नाही, मार मिळाला. डाव्या भुवईवरचा वण त्याचा होता. गोष्ट सांगताना ते त्या वणावर बोट ठेवत आणि सगळं विहार शांत होई. ती गोष्ट मला शब्दन् शब्द पाठ होती.

आणि तेच आबा रोज तीनदा जेवायला, दोनदा चहाला चुलीपाशी बसत. तिथून कोनाडा दोन हातांवर होता. त्यात तो चेपलेला पेला होता. आबांनी त्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मला यमुनाकाकूंचा राग आला नाही तेवढा आबांचा आला. मी मुद्दाम त्यांच्यासमोर तो पेला मोठ्यानं आपटून ठेवायची. ते खोकत आणि दाराकडे बघत.

मधल्या काळात उपचार चालू होतेच. बाजारातल्या एका दुकानातून बाबांनी एक ट्यूब आणली. दुकानदारानं रोग न बघताच दिली होती. ती लावली आणि चमत्कार झाला, चार दिवसांत हात साफ. आईनं तेव्हासुद्धा पेला कोनाड्यातून काढला नाही, थांबू अजून थोडं म्हणाली. ट्यूब संपली आणि हात दुप्पट लाल होऊन उठले. दुसरी आणली, तेच. तिसरीनंतर कोपराची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. शाळेत मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर दुपारच्या उन्हातही काढत नसे. लोकरीनं खाज आणखी वाढायची. घरात टिनापर्यंत कापूस कोंबलेला आणि माझ्या अंगात एक सुती धागा नाही, ही गंमत मला त्या वेळी कळली नाही. कळली असती तरी हसू आलं नसतं.

संक्रांत झाल्यावर केंद्र उघडलं. दोन दिवस बैलबंड्या भरणं चाललं. आतली खोली रिकामी झाली, आईनं ती दोनदा झाडली, शेणानं सारवली, पांघरुणं उन्हात टाकली. पंधरा दिवसांत बाबांची मान बरी झाली. विजूची पाठ बरी झाली. आईच्या पुळ्या सुकल्या. माझे हात तसेच. आता तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेल असं तुम्हाला वाटेल. आई समाधानानं यमुनाकाकूंना म्हणाली, "पाह्यलं काय बाई, पोट्टीले येगळं ठेवलं तं साऱ्यायची खाज गेली!"

मी आजही कधी कधी पोळ्या लाटताना हे वाक्य आठवून लाटणं आपटते.

मला यवतमाळला कुणी दाखवायला म्हणून नेलं नाही. आबांचा दमा वाढला म्हणून ते दवाखान्यात चालले होते आणि एकट्याला एसटीत बसवायचं नाही म्हणून मला सोबत पाठवलं. आबांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझी बाही बघितली आणि आम्हाला त्याच इमारतीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. वयानं फार नव्हत्या. टेबलाभोवती माणसांचं कोंडाळं, दाराशी रांग. त्यांनी मान वर न करता "दाखव" म्हटलं. मी बाही वर केली. आणि त्यांनी माझा हात धरला.

साधा धरला, हातानं. कोपराच्या घडीत, जिथं सगळ्यांत जास्त पाझरत होतं तिथं अंगठ्यानं कातडी ताणून बघितली. मग दुसरा हात. मग मानेवरचे केस बाजूला करून मान. तीन महिन्यांत मला माणसाचा हात लागला नव्हता. मला रडू यायला लागलं आणि त्यांना वाटलं दुखलं म्हणून.

"लहानपणापासून आहे? थंडीत वाढतं? गालांवरही यायचं का लहान असताना?" त्या विचारत होत्या आणि मी मान हलवत होते. "घरात कुणाला दमा आहे? सारख्या शिंका येतात असं कुणी?"

आबांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "मले हाय ना बाई, दमा."

"मग तुमच्याकडूनच आलंय आजोबा हे," त्या हसून म्हणाल्या.

आबांचा चेहरा पडला. "माहं लागलं हिले?"

"लागलं नाही. लागण्यातलं नाहीच हे. पाण्यानं, भांड्यानं, कपड्यानं, हात लावल्यानं कुणाला होत नाही. घराण्यात असतं. कुणाच्या छातीत निघतं, कुणाच्या कातडीत निघतं. नाक डोळे कसे आजोबांचे येतात, तसं."

मग त्यांनी रांग ताटकळत ठेवून मला समजावून सांगितलं. तुमच्या मातीच्या भिंतीचं सारवण सुकलं की तडे जातात ना, तशी आपली कातडी आहे म्हणाल्या. आतली ओल बाहेर जाते, बाहेरची धूळ आत जाते, मग खाज सुटते, खाजवलं की तडा मोठा होतो. सारवत राहायचं. अंघोळ कढत पाण्यानं नाही, साबण घासून नाही, अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम चोपडायचं, रोज, बरं असलं तरी. नखं कापायची. लोकर अंगाला लावायची नाही, सुती कापड घालायचं. आणि ती दुकानातली ट्यूब आपल्या मनानं परत लावलीस तर याद राख. औषधाचं मलम मी देते ते, सांगेन तेवढेच दिवस.

"मुळासकट जाईन काय बाई?" आबांनी विचारलं.

"येत जात राहील. ताब्यात राहील. लाखो लोक यासकट जगतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात."

"अन् घरात साऱ्यायले खाज सुटलीती ते?"

"घरात कापूस भरला होता ना?" त्यांनी एका क्षणात विचारलं. रोज दहा माणसं तीच तक्रार घेऊन येत असणार. "साठवलेल्या कापसात धूळ असते, बारीक किडे असतात. कुणालाही खाज सुटेल. या मुलीला तर त्यानं जास्तच त्रास झाला."

परतीच्या एसटीत मी कागदात गुंडाळलेली मलमाची डबी मांडीवर धरून बसले होते. दोन्हीकडे पऱ्हाटीच्या उभ्या वाळक्या काड्या, वर कुठं कुठं वेचायची राहिलेली कापसाची कवडी. मी सगळी हिंमत एकवटून विचारलं.

"आबा, तुमी काहून नाही बोलले? पेल्याचं?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले भेव वाटलं, पोरी."

"कायचं?"

"खाजेचं. मलेही सुटलीती ना. वाटलं तुहंच लागलं अशीन." ते खोकले. बोट आपोआप भुवईकडे गेलं आणि त्यांनी ते अर्ध्यातून खाली घेतलं. "मार खाताना भेव नाही वाटलं. अन् घरच्या पोट्टीच्या पेल्याचं वाटलं."

घरी आल्यावर त्यांनी कोनाड्यातला तो चेपलेला पेला उचलला, माठात बुडवला आणि गटागट पाणी प्यायले. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते त्याच पेल्यातून पाणी पीत. गावात त्याची चर्चा झाली, कौतुक झालं. मला खरं सांगायचं तर ते फारसं आवडलं नाही. पेला माझा होता, तीन महिने मी भोगले होते, आणि गोष्ट पुन्हा आबांचीच झाली. पण त्यानंतर विहारात कपाची गोष्ट सांगायला त्यांना बोलावलं की ते दम्याचं कारण सांगून टाळत, हे मात्र मी बघितलं आहे.

आईनं माझी ताटली बाकीच्या ताटल्यांत मिसळली. टॉवेल मिसळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून बाबांचं जुनं धोतर फाडून मला दोन सुती झंपर शिवून दिले. मलम लावायची वेळ झाली की आठवण करायची. पण लावायचं मी. आणि माझ्या उष्ट्यातलं तिनं पुन्हा कधी काही खाल्लं नाही. पुसदला नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, लेक झाल्यावरही नाही. मी कानीकपाळी ओरडून सांगितलं की लागत नाही, माय, लागत नाही. ती म्हणायची, "मले माहीत हाय ना वं, डाक्टरीणबाईनं सांगतलं ना," आणि अर्धा राहिलेला लाडू माझ्या ताटातून उचलून म्हशीला टाकायची.

आणि आता ही माझ्या घरात खिडकीत पेला ठेवते. म्हणजे माझं इतक्या वर्षांचं सांगणं तिच्या एका कानातून दुसऱ्या कानात गेलं, एवढंच नाही. तिनं मला जसं ठेवलं होतं तसंच ती आता स्वतःला ठेवते आहे, तितक्याच काळजीनं, न चुकता. मांडीवर नात बसली तर हात मागे घेते. पाणी वरून पिते. कोपऱ्यातली सतरंजी सोडून पलंगावर बसत नाही. या बाईवर रागवावं तरी कसं? आणि नाही रागवावं तरी कसं?

काल दुपारी लेक शाळेत होती. आई ओट्यापाशी पाणी पीत होती. अर्धा पेला प्याली आणि उरलेलं पाणी ओतायला मोरीकडे वळली. मी तिच्या हातातून पेला घेतला.

"अवं, उष्टं हाय ते!"

"माहीत हाय."

"माह्या हातायले पाह्य ना, लागन तुले..."

"माहीत हाय, माय."

मी ते पाणी प्याले. सगळं. पाणी कोमट होतं आणि मला तहान नव्हती. पेला विसळला आणि मांडणीत बाकीच्या पेल्यांत ठेवला, सहा सारखे पेले, त्यात तिचा कुठला ते आता मलाही सांगता आलं नसतं. तिनं आधी मांडणीकडे बघितलं, मग रिकाम्या खिडकीकडे.

"तवा..." ती म्हणाली आणि थांबली. मग हळू म्हणाली, "इतकंच करा लागत होतं काय वं?"

हो, इतकंच, हे उत्तर माझ्याकडे दहावीपासून तयार होतं. किती वेळा मनात घोकलं होतं, कसं टोचेल असं म्हणायचं तेही ठरवलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. मी मलमाची डबी आणली, तिला पलंगावर बसवलं आणि तिची बोटं एकेक करून चोपडली. भेगांत मलम झोंबलं तशी ती तोंडानं बारीक आवाज करत होती. मी काही हळू लावत नव्हते, राग होताच.

तिचे दोन्ही हात झाले तेव्हा तिनं माझी बाही वर सारली. कोपराची घडी लाल होती, कापूस फुटलेला आहे ना. मग डबी आपल्याकडे ओढली आणि आपलं बोट त्यात बुडवलं. तिनं कापूस मागितला नाही.